जात्यावरच्या दोघी, आणि माझी घाबरलेली लेक

सावली_नगर
३० नोव्हेंबर २०२५, रात्री ९.४०

जय ख्रिस्त. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितेच.

माझी मुलगी बारावीला आहे. सप्टेंबरात व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ फिरत होता, तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे आला असेल. दक्षिण आफ्रिकेतल्या एका माणसाने सांगितलं होतं की २३ किंवा २४ सप्टेंबरला प्रभू येणार आणि विश्वासणारे वर घेतले जाणार. यहुद्यांचा कर्ण्यांचा सण त्याच दिवसांत होता, म्हणून. आमच्या तरुणसंघाच्या ग्रुपवर कोणीतरी तो टाकला. मी मिनिटभर बघून बंद केला. लेकीने पूर्ण पाहिला, आणि त्यानंतर तसले आणखी किती पाहिले ते तिलाच ठाऊक.

२३ गेली, २४ गेली. मला वाटलं, संपलं. ऑक्टोबरात कॉलेजातून बाईंचा फोन आला की हिने परीक्षेचा अर्जच भरलेला नाही. विचारलं तर म्हणाली, "मम्मी, फेब्रुवारी येणारे का पण?" चिडून नाही, अगदी शांतपणे म्हणाली. त्याचीच मला जास्त धास्ती बसली. अर्ज भरून घेतला. पण पुस्तक उघडून नुसती बसते, आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागी.

पंधरा दिवसांपूर्वी संध्याकाळी मी दळण घेऊन गिरणीत गेले. लाइट गेली म्हणून तिथेच थांबावं लागलं. फोन घरी राहिला होता. हे ड्यूटीवर, धाकटा क्लासला. चहाचं भांडं ओट्यावर उतरवून ठेवलेलं, अजून कोमट. लेक घरी आली तर दार नुसतं लोटलेलं, आत कोणी नाही. तिने मला फोन लावला तर तो आतल्या खोलीत वाजला. रोजची चप्पल दारातच होती, कारण मी जुनी घालून गेले होते. मी आले तेव्हा ती उंबऱ्यावर बसली होती, सॅक पाठीवर तशीच. डबा खाली ठेवायच्या आत तिने मला घट्ट धरलं. माझ्या हातावरचं पीठ तिच्या केसांना लागलं. म्हणाली, "मला वाटलं तुम्ही सगळे गेलात. मी एकटीच राहिले."

मत्तयाच्या २४व्या अध्यायात आहे ना, दोघी जात्यावर दळत असतील, एक घेतली जाईल, एक ठेवली जाईल. मी दळायलाच गेले होते.

प्रभूच्या दुसऱ्या येण्यावर माझा विश्वास आहे. माझी आजी रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत "प्रभू, लवकर ये" म्हणायची, आणि म्हणताना तिचा चेहरा उजळायचा. "असलं काही नसतं" असं लेकीला सांगायला माझी जीभ वळत नाही. आजीच्या तोंडी जे आनंदाचं होतं ते हिच्या वाट्याला असं कसं आलं, हेच मला कळत नाही. तयार राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं? उद्या सकाळी उठून तिने काय करावं, ते मला सांगता आलं पाहिजे.

---

वसईची_बाय
३० नोव्हेंबर २०२५, रात्री १०.२५

ताई, वाचून अंगावर काटा आला. आज आगमनकाळाचा पहिला रविवार. आमच्याकडे सकाळच्या मिस्सात शुभवर्तमान हेच होतं, मत्तय २४, नोहाचे दिवस, शेतातले दोघे आणि जात्यावरच्या दोघी. तीन वर्षांच्या वाचनचक्रात पहिल्या वर्षाची सुरुवात याच उताऱ्याने होते. नाताळच्या तयारीचा पहिला दिवस, आणि चर्च वाचतं ते गोठ्याचं नाही, शेवटाचं.

लहानपणी मला याचं कोडं पडायचं. मग बायने, म्हणजे माझ्या आजीने, सांगितलं होतं की एकदा आलेला तो परत येणार आहे आणि आपण मधल्या काळात आहोत, म्हणून दोन्ही वाटा एकदम बघायच्या. चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारी पेटते, आणि तो रविवार आनंदाचा म्हणूनच ठेवलेला आहे. शेवटाची वाट बघण्याच्या काळात चर्चने आनंदाला एक अख्खा रविवार दिलाय, हे लेकीला जरूर सांगा.

आमच्याकडे "आज रात्री वर उचलले जाणार" अशी शिकवण नाही. त्यामुळे तुमच्या लेकीची भीती मी त्याच रूपात अनुभवलेली नाही. पण शेवट आमच्या घरात रोज असतो. रोझरीत प्रत्येक नमो मरियेच्या शेवटी "आता आणि आमच्या मरणाच्या वेळी" असं येतं, म्हणजे एका रोझरीत पन्नासाहून जास्त वेळा. बाय ते कांदा चिरताना म्हणायची. मरणाचा उल्लेख होऊनही हातातलं काम थांबलेलं मी कधी पाहिलं नाही.

---

जागल्या
१ डिसेंबर २०२५, सकाळी ७.१०

ताई, मुलीसाठी प्रार्थना करतो. तारीख सांगणारे चूकच, प्रभूने स्वतः म्हटलंय की तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही. यावर माझं दुमत नाही.

पण एक काळजी बोलून दाखवतो. असे व्हिडिओ खोटे ठरले की लोक उलट्या टोकाला जातात. "बघा, काही झालं नाही" म्हणतात आणि पुन्हा गाढ झोपी जातात. २ पेत्र ३ मध्ये तेच लिहिलंय की शेवटल्या दिवसांत थट्टा करणारे येतील आणि विचारतील, कुठे गेलं त्याच्या येण्याचं वचन? आज आपल्या मंडळ्यांमध्ये वर्षभरात एकदा तरी प्रभूच्या येण्यावर उपदेश होतो का? अंजिराच्या झाडाचा दृष्टांत प्रभूने दिला तो उगाच नाही, ते झाड म्हणजे इस्राएल. १९४८ साली इस्राएल पुन्हा उभं राहिलं, युद्धं चालू आहेत, भूकंप होतायत. चिन्हं डोळ्यांसमोर असताना मुलांना नुसतं "घाबरू नको, झोप" म्हणून थोपटणं मला पटत नाही.

माझे पणजोबा गावचे जागले होते. म्हणून हे नाव घेतलंय.

---

जुना_पाळक
१ डिसेंबर २०२५, दुपारी ३.०५

सावलीताई, चाळीस वर्षं मंडळ्यांत सेवा केली, निम्मी खेड्यापाड्यांत. हा प्रश्न घेऊन आलेली लेकरं मी बरीच पाहिली. थोडं सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

आधी झोपेचं. लेकीला मत्तय २५ काढून द्या, दहा कुमारींचा दृष्टांत, आणि पाचवं वचन तिलाच मोठ्याने वाचायला सांगा. वराला यायला उशीर झाला तेव्हा त्या सगळ्यांना डुलक्या लागल्या आणि त्या झोपी गेल्या. सगळ्या. शहाण्या पाचही झोपल्या. झोपल्याबद्दल प्रभूने त्यांना एका शब्दानेही दोष दिलेला नाही. फरक एकच होता, भांड्यात तेल होतं. तेल होतं म्हणून त्या निश्चिंत झोपू शकल्या, आणि हाक आल्यावर नुसती वात सारखी करायची बाकी होती. रात्री दोनपर्यंत जागणं ही प्रभूने सांगितलेली जागृती नव्हे, असं एका म्हाताऱ्या पाळकाने सांगितलंय म्हणून तिला सांगा.

आता जात्यावरच्या दोघी. आपण गृहीत धरतो की घेतली गेली ती सुटली आणि ठेवली गेली ती बुडाली. पण दोनच वचनं मागे जा. नोहाच्या दिवसांत लोक खात होते, पीत होते, लग्नं करत होते, आणि पूर आला व सगळ्यांना घेऊन गेला. तिथे वाहून गेलेले कोण? न्यायात सापडलेले. मागे उरला तो तारवातला नोहा. म्हणून बरेच अभ्यासक म्हणतात की "घेतली गेली" ती न्यायासाठी. दुसरे म्हणतात, नाही, आपल्यापाशी घेणं असाच अर्थ आहे. मी निकाल देत नाही. ज्या वचनाने तुमच्या लेकीला उंबऱ्यावर बसवलं त्याचा अर्थ तिला वाटला तितका एकेरी नाही, एवढं तिला कळू द्या. आणि त्या दोघी काय करत होत्या? दळत होत्या. दोघीही. प्रभूने जातं सोडायला सांगितलेलं नाही.

"मेघारूढ घेतले जाऊ" हे १ थेस्सलनीकाकरांस ४:१७ मधलं. पौल म्हणतो, प्रभूला सामोरं जाण्यासाठी. तिथला ग्रीक शब्द आहे अपांतेसिस. मोठा माणूस शहराकडे येतोय असं कळलं की लोक वेशीबाहेर जाऊन त्याला भेटायचे आणि वाजतगाजत आत घेऊन यायचे, त्या भेटीला हा शब्द वापरत. प्रेषितांची कृत्ये २८ मध्ये रोमचे बंधू पौलाला भेटायला अप्पियाच्या पेठेपर्यंत गेले, तिथे हाच शब्द आहे, आणि ते त्याला घेऊन रोमला परतले. दहा कुमारी वराला सामोऱ्या गेल्या, तिथेही हाच. आपल्या मराठी कानाला हे समजावून सांगायची गरजच नाही. वऱ्हाड गावाच्या सीमेशी आलं की मुलीकडचे सामोरे जातात, सीमांतपूजन होतं, आणि मग नवरदेवाला मांडवात आणतात. सामोरं जाणारा वरपक्षाबरोबर पळून जात नाही, त्यांना घेऊन परत येतो. मला व्यक्तिशः पौलाचं वचन असंच वाचावंसं वाटतं. राजा पृथ्वीवर येतोय आणि त्याची माणसं त्याला आणायला निघाली आहेत.

आधी गुपचूप उचललं जाणं, मग सात वर्षं मोठं संकट, मग उघड येणं, ही मांडणी आपल्याकडे इतकी पक्की झालीय की लोकांना ती प्रेषितांच्या काळापासूनची वाटते. या रूपात ती १८३०च्या दशकात ब्रदरन मंडळींतल्या जॉन नेल्सन डार्बी यांनी शिकवली, आणि १९०९ साली निघालेल्या स्कोफील्ड यांच्या टीपांसह छापलेल्या बायबलमुळे जगभर गेली. मिशनऱ्यांबरोबर इकडेही आली. ती मानणारे कितीतरी देवभीरू लोक मी पाहिलेत, त्यांचा मला आदर आहे. पण जुन्या काळच्या ऑगस्टीन या धर्मगुरूपासून आजवर मंडळीच्या मोठ्या भागाने प्रकटीकरणातल्या ख्रिस्ताच्या सहस्र वर्षांच्या राज्याचा अर्थ वेगळा लावला, तेही देवभीरूच होते. सगळ्यांना मान्य असलेलं मतांगीकारात, म्हणजे आपल्या विश्वासाच्या कबुलीत आहे, जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला तो येईल. रविवारी आपण तेच म्हणतो.

जागल्याभाऊ, तुमची काळजी रास्त आहे, उपदेश कमी होतात हेही खरं. अंजिराबद्दल मात्र लूक २१:२९ पाहा. तिथे प्रभू म्हणतो, अंजिराचं झाड व बाकीची सगळी झाडं. एकाच राष्ट्राची खूण असती तर बाकीची झाडं कशाला आणली असती? शिवाय या प्रवचनाची सुरुवात मंदिराच्या दगडांवरून झालीय. चिऱ्यावर चिरा राहणार नाही असं प्रभू म्हणाला, आणि इ.स. ७० मध्ये रोमी सेनापती तीताच्या सैन्याने मंदिर पाडलं. रोमी सैनिकांनी खाली लोटलेले ते प्रचंड दगड यरुशलेमात पश्चिम भिंतीच्या दक्षिण टोकाशी अजून जुन्या रस्त्यावर पडलेले आहेत. म्हणजे या अध्यायातलं काही घडून गेलंय, काही उरलंय. दोन्ही धागे एकमेकांत विणलेले आहेत, ते ओढून तारीख निघत नाही.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. हे प्रवचन २४व्या अध्यायात थांबत नाही. शिष्यांनी विचारलं, "केव्हा?" त्याचं उत्तर पुढे चार गोष्टींत येतं. धन्याच्या घरच्यांना वेळेवर जेवण वाढणारा दास. तेल बाळगणाऱ्या कुमारी. मिळालेला पैसा जमिनीत पुरून न ठेवता राबवणारे चाकर. आणि शेवटी मेंढरं व शेरडं, भुकेल्याला खाऊ घातलं का, उघड्याला पांघरलं का, तुरुंगातल्याला भेटलात का. केव्हा हा प्रश्न प्रभूने तसाच ठेवला आणि तू काय करत असशील ते दाखवलं. व्हिडिओवाले २४व्या अध्यायावर थांबतात. तुम्ही लेकीबरोबर २५वा पूर्ण वाचा.

---

कासवगती
१ डिसेंबर २०२५, रात्री ११.३०

पाळकसाहेबांनी वचनाची बाजू मांडली, मी इतिहासाची थोडी भर घालतो. मुलीला सांगा, ती पहिली नाही.

अमेरिकेत विल्यम मिलर नावाचा बाप्तिस्ट शेतकरी होता, न्यू यॉर्क राज्यातला. दानीएल ८:१४ मधले २३०० दिवस म्हणजे २३०० वर्षं, सुरुवात ख्रिस्तपूर्व ४५७ पासून, असा हिशेब करून त्याने प्रभूचं येणं १८४३-४४ च्या सुमारास ठरवलं. पुढे त्याच्या चळवळीतल्या लोकांनी नेमका दिवस काढला, २२ ऑक्टोबर १८४४. हजारो लोक वाट बघत होते. काहींनी उभं पीक शेतात तसंच ठेवलं, काढलं तर विश्वास नाही असं दिसेल म्हणून. रात्र सरली. हायरम एड्सन यांनी पुढे लिहून ठेवलंय की आम्ही उजाडेपर्यंत रडत राहिलो. इतिहासात त्या दिवसाला "महानिराशा" म्हणतात.

मला यातला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. त्या रडणाऱ्यांतल्या काहींनी पुन्हा शास्त्र उघडलं, १८६३ मध्ये सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेन्टिस्ट मंडळी स्थापन झाली, आणि त्यांनी जगभर शाळा व दवाखाने काढले. आपल्या पुण्यात औंधला स्पायसर विद्यापीठ आहे ते त्यांचंच. प्रभू लवकर येणार ही त्यांची शिकवण आजही कायम आहे, फक्त दिवस ठरवत नाहीत. म्हणजे तारीख खोटी ठरली तेव्हा आशा मेली नाही, ती कामाला लागली.

दुसरं उदाहरण अलीकडचं. हॅरॉल्ड कॅम्पिंग, रेडिओवरचे उपदेशक, त्यांनी २१ मे २०११ हा दिवस जाहीर केला. मोठाले फलक लागले. लोकांनी नोकऱ्या सोडल्या, आयुष्यभराची पुंजी जाहिरातींत घातली. दिवस गेल्यावर त्यांनी २१ ऑक्टोबर सांगितला, तोही गेला. २०१२ साली त्यांनी लेखी कबूल केलं की तारीख सांगणं हे पाप होतं. नव्वदी ओलांडलेल्या माणसाने असं जाहीर लिहिणं सोपं नसतं, आणि त्या कबुलीचा मी मान राखतो. पण ज्यांची पुंजी गेली त्यांची गेली.

खुद्द थेस्सलनीकातच काही जण काम सोडून बसले होते. पौलाने त्यांना दोन पत्रं लिहिली, आणि दुसऱ्यात स्पष्ट लिहिलं की ज्याला काम करायची इच्छा नाही त्याने खाऊही नये. प्रभूच्या येण्याबद्दल सगळ्यात उत्कट लिहिणारा प्रेषित तंबू शिवून पोट भरत होता. बारावीचा अभ्यास हे तुमच्या लेकीचं आजचं काम आहे, ताई.

---

रात्रपाळी
२ डिसेंबर २०२५, पहाटे ४.५०

मी नर्स आहे. ज्यांच्यावर आता इलाज उरलेला नाही अशांच्या वॉर्डात आठ वर्षं काढली. इथे प्रत्येकाचा शेवटचा काळ चालू असतो, म्हणून लिहिते.

मागच्या पावसाळ्यात एक निवृत्त शिक्षक होते, आपल्यातलेच. भजनं तोंडपाठ. शेवटच्या आठवड्यात एके रात्री तीनला बेल वाजवली. वाटलं दुखतंय. तर म्हणाले, "सिस्टर, आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींचे १४० रुपये द्यायचे राहिलेत. मुलाला सांगाल?" मी चिठ्ठीवर लिहून घेतलं. त्यांनी ती चिठ्ठी मला वाचून दाखवायला लावली, मगच डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी मुलगा पैसे देऊन आला आणि तसं वडिलांना सांगितलं. त्यानंतर त्या माणसाच्या कपाळावर मला आठी दिसली नाही.

सावलीताई, तुम्ही विचारलंत उद्या सकाळी उठून काय करायचं. मी घरी गेल्यावर झोपायच्या आधी दोन गोष्टी करते. आज कोणाला दुखावलं असेल तर फोन करते, आणि प्रार्थनेत त्याचं नाव घेते. तेल म्हणजे काय यावर पाळकसाहेब जास्त सांगतील, मला एवढं दिसलंय की ते ऐन वेळी उसनं मिळत नाही. नातेवाईक कितीही जवळचा असला तरी दुसऱ्याच्या वतीने क्षमा मागता येत नाही, मी लोकांना तसा प्रयत्न करताना पाहिलंय.

---

जागल्या
२ डिसेंबर २०२५, सकाळी ८.१५

पाळकसाहेब, लूक २१:२९ रात्री उघडून पाहिलं. "सगळी झाडं" हे मी इतक्या वर्षांत नीट वाचलं नव्हतं. विचार करतो. १९४८ चा माझ्या मनातला अर्थ एका रात्रीत जाणार नाही, पण वचन तुम्ही म्हणता तसंच आहे.

तरी जागं राहण्याबद्दल मला एक सांगायचंय. प्रकटीकरणातल्या सात मंडळ्यांपैकी सार्दीसला प्रभू म्हणतो, जागृत हो, नाहीतर मी चोरासारखा येईन. सार्दीसच्या लोकांना हा शब्द झोंबला असणार. त्यांचा किल्ला उभ्या कड्यावर, कोणी चढूच शकत नाही अशी खात्री. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात कोरेश राजाने वेढा दिला तेव्हा वरच्या एका शिपायाचं शिरस्त्राण खाली पडलं, तो ते घ्यायला कड्यावरून उतरला आणि परत चढला. खालच्या एकाने वाट पाहून ठेवली, दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने शत्रू वर. हेरोडोटसने लिहून ठेवलंय. तीनशेहून जास्त वर्षांनी तिसऱ्या अँटिओकसच्या माणसांनी पुन्हा तसाच गड घेतला. कारण तेच, त्या बाजूला पहारा नव्हता. कोंढाण्याचा कडा माहीत असलेल्या आपल्या लोकांना हे लगेच कळेल. जिथून कोणी येणार नाही असं वाटतं तिथेच माणूस ढिला पडतो. माझ्यासाठी ती बाजू म्हणजे राग. घरात माझा राग सगळ्यांना माहीत आहे, आणि मी त्यावर पहारा ठेवत नाही. युद्धांच्या बातम्यांवर मात्र रात्र-रात्र पहारा देतो. काल ताईंचं लिखाण वाचल्यावर हे मनात आलं, ते लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आणखी एक. पणजोबांबद्दल वडील सांगायचे. ते रात्रभर गावात फिरायचे, काठी आपटत. "हुश्शार" अशी आरोळी द्यायचे. ती आरोळी ऐकली की लोक कुशीवर वळून पुन्हा झोपायचे, कारण कोणीतरी जागं आहे हे कळायचं. मी इथे आणि घरी लोकांना उठवूनच बसवत आलो. ताई, तुमच्या लेकीला माझा सलाम सांगा.

---

दौंड_लोकल
२ डिसेंबर २०२५, दुपारी १.४०

इतकं सगळं वाचलं आणि दौंडजवळच्या केडगावचं, रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं कोणीच कसं बोललं नाही!

पंडिता रमाबाईंनी मूळ इब्री आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर हातात घेतलं, खेड्यातल्या बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत. दुष्काळातून आणलेल्या, विधवा म्हणून टाकलेल्या बायका मुक्तीच्या छापखान्यात त्याचे खिळे जुळवायच्या. पंधरा-सोळा वर्षं ते काम चाललं. १९२१ साली एकुलती एक लेक मनोरमा गेली. ऐकू कमी येत होतं, तब्येत खालावलेली. तरी मुद्रितं तपासणं चालूच. शेवटच्या दिवसांपर्यंत त्या ती पानं तपासत होत्या, आणि ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. पूर्ण बायबल १९२४ मध्ये निघालं, त्यांनी ते बांधलेलं पाहिलं नाही.

मी लहानपणी केडगावला जायचो तेव्हा आमच्या मावशीबाई सांगायच्या की बाई प्रभूची वाट बघत होत्या. मला वाटायचं, वाट बघणारा माणूस खिडकीशी बसतो. बाई टेबलाशी बसल्या होत्या, काना-मात्रा सुधारत. सावलीताई, हे लेकीला सांगा. तिला सुट्टीत केडगावला घेऊन या. नगरहून दौंडमार्गे गाडी आहे.

---

बांधावरचा_शेवगा
२ डिसेंबर २०२५, रात्री ९.००

रात्रपाळीताईंचं वाचलं. बांधावरून मोठ्या भावाशी सहा वर्षं अबोला होता. आत्ता फोन केला. त्याने उचलला. जास्त बोललो नाही, कांद्याचा भाव विचारला दोघांनी एकमेकांना. रविवारी जातोय. प्रार्थना करा.

---

सावली_नगर
७ डिसेंबर २०२५, रात्री ८.३०

सगळ्यांचे आभार मानते. उत्तर द्यायला उशीर झाला कारण आधी करून बघायचं होतं.

मंगळवारी रात्री आम्ही दोघींनी मत्तय २५ वाचला. पाचव्या वचनाशी ती थांबली. पुन्हा वाचलं. म्हणाली, "शहाण्या पण झोपल्या?" मी म्हटलं, हो. मग म्हणाली, "मग मला कोणी हे का नाही दाखवलं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चूक माझीच, मी तो व्हिडिओ एक मिनिटात बंद केला आणि तिच्याशी बोलले नाही. तेव्हाच शेजारी बसून शास्त्र उघडायला हवं होतं.

सीमांतपूजनाचं तिला फार आवडलं. मागच्या वर्षी मामेबहिणीच्या लग्नात ती वेशीवर दिवा घेऊन उभी होती. वऱ्हाडाची गाडी बंद पडली, दीड तास उभं राहावं लागलं. त्या उशिराबद्दल ती तेव्हा खूप कुरकुरली होती. या वेळी मात्र म्हणाली, "मम्मी, आपण घाबरलो नव्हतो ना पण. नुसते कंटाळलो होतो. कोण येणारे ते माहीत होतं."

पाळकसाहेब, तिचा एक प्रश्न आहे, तिच्याच शब्दांत: "मला प्रभूची भीती वाटते याचा अर्थ माझ्याकडे तेल नाही असा होतो का?"

---

जुना_पाळक
७ डिसेंबर २०२५, रात्री ९.५०

बाळ, नाही. मूर्ख कुमारींना हाक येईपर्यंत काळजीच नव्हती. तुला आधीच काळजी आहे, म्हणजे तू भांड्याकडे बघितलंयस. भीती वाटली की ती त्यालाच सांग, साध्या शब्दांत. रागावत नाही तो. आणि ज्याला तू भितेस तो कोण आहे ते एकदा बघ. योहान १४ उघड, जागा तयार करायला गेलाय तो, तुझ्यासाठी. रोज रात्री तेवढं वाचून दिवा घालव.

परीक्षेनंतर मला कळव, कोणता विषय सोपा गेला.

---

सावली_नगर
१३ डिसेंबर २०२५, रात्री ९.१५

वाचून दाखवलं. काही बोलली नाही, पान उघडं ठेवून बायबल उशाशी घेतलं.

या आठवड्यात पाच रात्री साडेदहाच्या आत झोपली. गुरुवारी पुन्हा जागी होती, मी जाऊन शेजारी पडले. भौतिकशास्त्राचा सराव पेपर सोडवलाय.

आज संध्याकाळी दळण संपलं होतं. मी चप्पल घालत होते तर आतून आवाज आला, "मम्मी, थांब, मी येते डबा धरायला." गिरणीत खूप गर्दी होती. आमचा नंबर येईपर्यंत ती तिथेच कट्ट्यावर बसून पुस्तक वाचत होती, आणि आजूबाजूला सगळीकडे पीठ उडत होतं.

वसईच्या बाय, उद्या तुमचा गुलाबी मेणबत्तीचा रविवार ना? आमच्या मंडळीत ती पद्धत नाही. तिने दुकानातून एक आणलीय.